वगळायचे कधी?

डेटाबेसचा बॅकअप पुन्हा उभा करताना एका टेबलातला डेटा नको असतो, अशी वेळ वाटते त्याहून पुष्कळदा येते. टेबल हवे असते. त्याचे रकाने, त्यावरचे इंडेक्स, इतर टेबलांशी असलेली त्याची नाती हेही सगळे हवे असते, कारण त्यांच्याशिवाय प्रोग्राम पहिल्याच पानावर अडेल. नको असतात त्या फक्त आतल्या ओळी. कोणी काय केव्हा बदलले याची नोंद ठेवणारे ऑडिट लॉगचे टेबल कधी बाकी सगळ्या टेबलांच्या बेरजेहून मोठे झालेले असते आणि चाचणीच्या सर्व्हरवर तेवढी जागा नसते. कधी पाठवायच्या ईमेलांची रांग सांभाळणारे टेबल असते. ते भरलेले परत आले तर चाचणीचा सर्व्हर खऱ्या ग्राहकांना खरी पत्रे धाडू लागेल, ही धास्ती असते. कधी लॉगिनची सत्रे किंवा तात्पुरते साठे असतात, जे कालचे आज कोणाच्या उपयोगाचे नसतात. अशा वेळी विचारला जाणारा प्रश्न बहुधा एकच असतो: यासाठी कमांड कोणती? तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन ओळींत देता येते. पण ते दोन ओळींचे उत्तर देण्याच्या घाईत एक आधीचा प्रश्न निसटतो, आणि ही प्रस्तावना त्या आधीच्या प्रश्नासाठी आहे. डेटा वगळायचा तो नेमका केव्हा, बॅकअप घेताना की तो परत उभा करताना?

पोस्टग्रेस या डेटाबेसचे उदाहरण धरून चालतो, कारण तिथे दोन्ही वाटा उघड्या आहेत आणि दोन्हींतला फरक स्वच्छ दिसतो. बॅकअप घेणाऱ्या पीजी-डम्प या साधनात, टेबलाची रचना घ्या पण डेटा घेऊ नका असे सांगणारा पर्याय २०१२ साली आलेल्या ९.२ या आवृत्तीपासून आहे. कमांडला तेवढे एक शेपूट जोडले की काम झाले. फाइल लहान, वेळ कमी, डिस्क मोकळी. दुसरी वाट थोडी लांबची. बॅकअप संपूर्ण घ्यायचा आणि तो पीजी-रिस्टोअरने उतरवताना नको ती नोंद गाळायची. पहिली वाट इतकी सोपी आहे की बहुतेक जण विचार न करता तिच्यावरून जातात. माझे म्हणणे असे की रोजच्या, भरवशाच्या बॅकअपसाठी ती चुकीची वाट आहे. वगळण्याचा निर्णय डेटा उतरवण्याच्या क्षणापर्यंत पुढे ढकलावा, कारण कोणती प्रत अखेरची ठरणार आहे हे प्रत घेताना कोणालाच ठाऊक नसते.

याचा बोलका पुरावा म्हणजे ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री, प्रोग्रामांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या सेवेवर ओढवलेला प्रसंग. कंपनीने तो स्वतःच जगासमोर तपशीलवार मांडला, म्हणून त्याबद्दल खात्रीने बोलता येते. दुय्यम सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसतो आहोत अशा समजुतीने एका अभियंत्याने मुख्य सर्व्हरवरचीच पुसली. चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरले होते. पीजी-डम्पचे नेमाने होणारे बॅकअप प्रत्यक्षात होतच नव्हते, कारण डेटाबेस ९.६ चा आणि डम्प घेणारे साधन ९.२ चे होते. काम फसल्याची ईमेले निघत होती, पण ती नाकारली जात असल्याने कोणापर्यंत पोचत नव्हती. हाताशी राहिली ती चाचणीच्या सर्व्हरसाठी सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत. आता मुद्दा येतो. चाचणीच्या सर्व्हरवर डेटा नेताना वेबहुक काढून टाकण्याची तिथे पद्धत होती. वेबहुक म्हणजे काही घडले की बाहेरच्या सर्व्हरला आपोआप कळवण्याची व्यवस्था. ती चाचणीच्या सर्व्हरवर जिवंत राहिली असती तर चाचणीतल्या खोट्या घटनांची वर्दी खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरवर गेली असती. म्हणजे वगळण्याचा तो निर्णय चाचणीच्या दृष्टीने अगदी योग्य होता. पण चाचणीसाठी गाळलेली हीच प्रत एका रात्रीत मुख्य डेटाबेसचा एकमेव आधार झाली. संथ डिस्कांवरून ती मुख्य सर्व्हरवर आणायलाच सुमारे अठरा तास लागले. डेटाबेस आधी वेबहुकांशिवाय उभा राहिला. वेबहुक मागाहून, वेगळ्या खटाटोपाने परत आणावे लागले. जे काही तास कुठल्याच प्रतीत नव्हते त्यांच्यातले अंदाजे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती मात्र गेली ती गेलीच. लोकांच्या लक्षात या घटनेतली चुकीची कमांड राहते. मला त्यातली वेबहुकांची गोष्ट अधिक शिकवणारी वाटते, कारण चुकीची कमांड हा अपघात होता आणि वेबहुक वगळणे हा शहाणपणाचा, पण एकाच उपयोगापुरता विचार करून घेतलेला निर्णय होता.

उतरवताना वगळणे कसे घडते हे समजले की ते वाटते तितके अवघड नाही हेही दिसते. पीजी-डम्पने कस्टम या फॉरमॅटमध्ये काढलेली फाइल म्हणजे एसक्यूएलची सरळ संहिता नसते. तिच्या आरंभी एक अनुक्रमणिका असते. पीजी-रिस्टोअरला लहान एल हा पर्याय दिला की ती अनुक्रमणिका साध्या मजकुराच्या रूपात बाहेर येते. एका टेबलासाठी तिच्यात एक नव्हे, अनेक ओळी असतात. टेबलाच्या रचनेची एक, आतल्या डेटाची वेगळी, प्रत्येक इंडेक्सची वेगळी, प्रत्येक बंधनाची वेगळी. डेटाच्या ओळीवर ‘टेबल डेटा’ अशी स्पष्ट खूण असते. त्या एका ओळीच्या आरंभी अर्धविराम टाकायचा, म्हणजे ती टिप्पणी ठरते, आणि ही दुरुस्त यादी मोठ्या एलच्या पर्यायाने पीजी-रिस्टोअरच्या हाती द्यायची. रचना येते, इंडेक्स येतात, नाती येतात. ओळी येत नाहीत. एका टेबलाचा डेटा नको असे सांगणारा थेट पर्याय पीजी-रिस्टोअरमध्ये नसल्याने काही जण बाकीच्या सगळ्या टेबलांची नावे एकेक करून देतात, आणि तिथे फसतात. नावाने टेबल मागितले की पीजी-रिस्टोअर त्याचे इंडेक्स आणि ज्यांवर ते अवलंबून आहे त्या गोष्टी आपणहून आणत नाही. पदरी पडते ती सांगाडा हरवलेली टेबलांची रास. यादीची वाट थोडी किचकट दिसते खरी, पण तिच्यात काय येणार आणि काय नाही हे आधी डोळ्यांनी वाचता येते.

या यादीत आणखी एक सोय दडलेली आहे आणि माझ्या मते तीच या साऱ्या विषयाचा गाभा आहे. पीजी-रिस्टोअर गोष्टी यादीतल्या क्रमाने उतरवते. त्यामुळे नको असलेला डेटा कायमचा गाळण्याऐवजी आधी बाकी सगळे उतरवून सेवा सुरू करता येते, आणि राहिलेली ती एक ओळ दुसऱ्या यादीत ठेवून मागाहून, निवांतपणे आणता येते. रुग्णालयाचा डेटाबेस कोसळला असेल तर रुग्णांच्या नोंदी आणि औषधांचे साठे तातडीने हवेत. गेल्या तीन वर्षांत कोणत्या संगणकावरून कोण लॉगिन झाले याचा इतिहास उद्या आला तरी चालतो. अशा वेळी ‘वगळणे’ याचा खरा अर्थ ‘मागे ठेवणे’ असा होतो. मागे ठेवता येण्यासाठी मात्र ती गोष्ट मुळात फाइलमध्ये असावी लागते. बॅकअप घेतानाच ती गाळली असेल तर मागे ठेवण्यासारखे काही उरतच नाही.

वगळलेला एक डेटा बाकीच्यांत काय पडझड करतो, हे दुर्लक्षिले जाते. यादीतली ओळ कापताना ती एकटी आहे असे वाटते. ती एकटी नसते. समजा ग्राहकांचे टेबल रिकामे ठेवले आणि ऑर्डरींचे भरले. ऑर्डरीची प्रत्येक ओळ कुठल्या तरी ग्राहकाकडे बोट दाखवते, आणि हे नाते जपणारी फॉरेन की पोस्टग्रेस सगळा डेटा भरून झाल्यावर, शेवटच्या टप्प्यात घालते. ग्राहक नसल्यामुळे ती घालता येत नाही, चूक नोंदली जाते. पण पीजी-रिस्टोअर मूळ स्वभावाने चुकीवर थांबत नाही. पुढे जाते आणि अखेरीस इतक्या चुकांकडे दुर्लक्ष केले असे एका ओळीत सांगून मोकळे होते. ती ओळ कोणी वाचली नाही तर डेटाबेस वरवर धडधाकट दिसतो, फक्त त्यातले एक नाते कायमचे गेलेले असते. उद्या त्यात भलत्याच ग्राहकाच्या नावावर ऑर्डर टाकली तरी अडवणारे कोणी नसते. म्हणून चूक आली की तिथेच थांब, असा पर्याय देऊन उतरवावे. काम अर्धवट थांबलेले परवडते. उलट दिशेने, म्हणजे इतरांकडे बोट दाखवणारे पण स्वतःकडे कोणाचेच बोट नसलेले लॉगचे टेबल रिकामे ठेवले, तर या बाबतीत काहीच बिघडत नाही. दोन टेबलांमधल्या बाणाची दिशा पाहिल्याशिवाय यादीत अर्धविराम टाकू नये, एवढे त्यातून घ्यायचे.

पडझड फॉरेन कीपुरतीच थांबत नाही. मटेरियलाइज्ड व्ह्यू म्हणजे आधीच गणित करून ठेवलेला अहवाल. तो उतरवताना त्या वेळी टेबलांत जे असेल त्यावरून नव्याने भरला जातो; मूळ टेबल रिकामे असेल तर अहवालही रिकामा येतो, आणि त्याबद्दल कसलीच चूक दाखवली जात नाही. टेबल महिन्या-महिन्याच्या भागांत विभागलेले असेल तर डेटा मूळ टेबलाच्या नावाने नसतोच. प्रत्येक भागाची ‘टेबल डेटा’ ही ओळ स्वतंत्र असते आणि त्या सगळ्या कापाव्या लागतात. पीजी-डम्पलाही मूळ टेबलासोबत त्याचे भाग वगळ असे एका पर्यायात सांगण्याची सोय २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीत आली. अनुक्रमांक देणाऱ्या गणकाची नोंदही डेटाच्या ओळीपासून निराळी असते. डेटा कापला तरी गणक जुन्या आकड्यावरच उभा राहतो, आणि ते बहुधा इष्टच असते, कारण मागे ठेवलेल्या ओळी परत आल्या की क्रमांकांची टक्कर होत नाही. मोठ्या फाइली लार्ज ऑब्जेक्ट म्हणून साठवल्या असतील तर टेबल कापूनही त्यांचा भार फाइलमधून खाली उतरतोच, कारण टेबलात फक्त त्यांचा क्रमांक असतो, वस्तू दुसरीकडे असते. जागा वाचवायला निघालेल्या माणसाची निराशा बहुतेक वेळा इथे होते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत व्यवहारी आक्षेप आकाराचा: रोज रात्री शेकडो जीबीचा लॉग फुकट का वाहायचा? हा आक्षेप खोटा नाही, पण त्याचे उत्तर लॉग सोडून देणे हे नव्हे, तो वेगळा वाहणे हे आहे. लॉगच्या टेबलात ओळी वाढतात. जुन्या बदलत नाहीत. महिन्यावार विभागणी केली तर संपलेल्या महिन्यांचा बॅकअप एकदाच घेऊन पुरतो, रोज वाहायचा तो चालू महिना. आणि लॉग कमी महत्त्वाचा ही समजूत आता कायद्यानेही टिकत नाही. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनी संगणकप्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवणे संस्थांवर बंधनकारक केले. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी नोंद असावी लागते, आणि ती बंद करता येऊ नये अशी अट आहे. बॅकअपमधून सर्वांत आधी ज्याच्यावर कात्री चालते ते ऑडिट लॉगचे टेबल नेमके अशाच नोंदींचे असते. चालू सर्व्हरवर ती नोंद प्रामाणिकपणे ठेवली आणि बॅकअपमधून गाळली, तर सर्व्हर गेला त्या दिवशी तीही गेली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो खासगीपणाचा. ग्राहकांची नावे, फोन, आरोग्याचे तपशील असलेले टेबल विकासकाच्या लॅपटॉपवर जाताच कामा नये. मग ते फाइलमध्ये ठेवायचेच कशाला? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाल्यापासून हा प्रश्न नुसत्या सभ्यतेचा राहिलेला नाही. पण या आक्षेपात एक गृहीतक लपलेले आहे: विकासकाला द्यायची फाइल आणि संस्थेचा बॅकअप ही एकच गोष्ट आहे. ती एक असू नये. पीजी-रिस्टोअर कोणत्याही डेटाबेसला न जोडता, दिलेल्या यादीप्रमाणे नुसती एसक्यूएलची संहिता काढून देऊ शकते. म्हणजे संपूर्ण बॅकअप कुलूपबंद सर्व्हरवरच राहतो, गाळणी तिथेच होते आणि बाहेर पडते ती गाळलेली संहिता. (माणसाची ओळख क्वचितच एका टेबलात बसते, हेही विसरू नये. ग्राहकांचे टेबल रिकामे करणारे लोक ऑर्डरींमधला घराचा पत्ता मात्र तसाच पाठवतात.) खासगीपणाचा खरा पेच निराळाच आहे. एखाद्याने आपली माहिती पुसायला सांगितली आणि पुसली. पुढे जुना बॅकअप उतरवला की ती पुन्हा जिवंत होते. यावर उपाय म्हणजे पुसलेल्या खात्यांच्या क्रमांकांची नोंद बॅकअपबाहेर वेगळी ठेवून उतरवल्यानंतर ती पुन्हा लागू करणे. तेव्हा कोणतेही टेबल वगळा, ही नोंद मात्र कधीच वगळू नका.

वगळणे पुढे ढकलावे या म्हणण्याच्या विरोधात विकिमीडियाच्या सार्वजनिक डेटाचा दाखला देता येईल. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासकट सगळ्या विकिपीडियांचे डम्प कोणालाही उतरवून घेता येतात, आणि त्यांत पानांची, दुव्यांची, वर्गांची टेबले असतात, पण ईमेल आणि पासवर्ड ज्यात आहेत ते सदस्यांचे टेबल नसते. ते काढतानाच वगळलेले असते आणि तसेच असले पाहिजे. पण ते डम्प म्हणजे प्रकाशन आहे, बॅकअप नव्हे. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३० च्या दशकात पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तेव्हा निवड छापली गेली आणि मूळ कागदांचे रुमाल पुण्याच्या दप्तरात राहिले. म्हणून पुढच्या संशोधकाला न छापलेल्याकडेही जाता आले. निवडीला माझा विरोध नाही. निवडीलाच दप्तर समजण्याला आहे.

तिसरा आक्षेप हा की सगळेच उतरवावे आणि मग नको ते टेबल ट्रंकेट करावे, म्हणजे एका कमांडने रिकामे करावे. यादी-बिदीच्या भानगडीत कशाला पडायचे? लहान डेटाबेसला हे चालेल. मोठ्याला नाही, कारण ज्या जागेच्या अभावी वगळायचे होते तीच जागा आधी लागते, आणि टाकून द्यायच्या ओळींवर इंडेक्स बांधण्यात तास जातात. शिवाय मधल्या काळात तो डेटा तिथे असतो. ईमेलची रांग चाळणारी प्रक्रिया त्याच सर्व्हरवर चालू असेल तर ट्रंकेट पोचण्याआधी पत्रे गेलेली असतील. त्याहून घातक गोष्ट अशी की इतर टेबलांची फॉरेन की ज्याच्याकडे बोट दाखवते असे टेबल पोस्टग्रेस ट्रंकेट करू देत नाही, आणि मग वैतागून माणूस कॅस्केड हा शब्द जोडतो. कॅस्केड बंधन तोडत नाही. बोट दाखवणारी सगळी टेबलेही रिकामी करते. ग्राहक काढायला गेलेल्याच्या हातून ऑर्डरीही जातात.

चौथ्या आक्षेपापुढे मात्र मला थोडे वाकावे लागते. सगळे बॅकअप असे अनुक्रमणिकेचे नसतात. डेटाच्या फाइलींची जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या बॅकअपला टेबल म्हणजे काय हे ठाऊकच नसते. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या बॅकअप फाइलमधूनही एक टेबल गाळून बाकीचा डेटाबेस उतरवता येत नाही. एखादे टेबल मुद्दाम निराळ्या फाइलगटात ठेवले असेल तर तो गट मागे ठेवता येतो, पण ही तजवीज डेटाबेस रचतानाच करावी लागते. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या डम्पचे दुखणे उलट आहे: तो साधा मजकूर असतो, अनुक्रमणिका नसते, आणि टेबल दुर्लक्षित करण्याच्या पर्यायाने डेटाबरोबर रचनाही जाते, त्यामुळे रचनेचा डम्प वेगळा घ्यावा लागतो. मजकुराच्या डम्पमधून नको तो भाग संपादकात शोधून कापणारे लोक आहेत. डेटामध्येच कमांडसारखी दिसणारी ओळ असली की त्यांची कात्री भलतीकडे चालते. नक्कल स्वरूपाचा बॅकअप असेल तर तो बाजूच्या एका सर्व्हरवर संपूर्ण उभा करावा आणि तिथून हवा तेवढा डम्प काढावा, एवढीच वाट उरते. ती महाग आहे. पण तिच्यातही गाळणी उतरवण्याच्या बाजूलाच होते आणि मूळ प्रत अखंड राहते, म्हणून मूळ म्हणणे मागे घ्यावे असे मला वाटत नाही.

पुढची प्रकरणे पोस्टग्रेसच्या अनुक्रमणिकेपासून सुरू होतात आणि कमांडा त्यांत सविस्तर आहेत. वाचकाने सोबत एखादा जुना कस्टम डम्प आणि एक रिकामा डेटाबेस घेऊन बसावे. यादी काढावी, कोणत्या टेबलाकडे कोण बोट दाखवते ते कागदावर मांडावे, एका ओळीला अर्धविराम लावावा, आणि उतरवून झाल्यावर शेवटी छापलेली चुकांची संख्या पाहावी. दुरुस्त केलेली यादीची फाइल फेकू नये. तारीख, कारण आणि आपले नाव तिच्याच पहिल्या ओळीत, अर्धविरामामागे लिहून ती बॅकअपशेजारी ठेवावी. पीजी-रिस्टोअर ती ओळ वाचणार नाही. सहा महिन्यांनी ते टेबल रिकामे का, असे विचारणारा माणूस वाचेल.